वाघाची मावशी आणि साठ वर्षांचे कोडे

मांजर ही वाघाची मावशी, ही गोष्ट मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. मावशीने भाच्याला शिकारीच्या साऱ्या विद्या शिकविल्या. झाडावर चढण्याची विद्या तेवढी हातची राखून ठेविली आणि म्हणूनच तिचा जीव वाचला, असे आजीबाई सांगतात. प्राणिशास्त्राने हे नाते निराळ्या शब्दांत मान्य केले आहे. घरातील मांजर, सह्याद्रीतील वाघाटी, बिबट्या, सिंह, अमेरिकेतील प्यूमा आणि वाघ हे सर्व एकाच मार्जारकुळातील होत. नखे, दात, मिशा आणि डोळे यांवरून हे कुळ ओळखता येते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु या कुळाची आणखी एक खूण आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. ती त्यांच्या आतड्यात आहे. एक सूक्ष्म परोपजीवी जीव असा आहे की, तो जवळजवळ कोणत्याही उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या शरीरात राहतो. परंतु त्याचे लग्न मात्र मार्जारकुळाच्या आतड्याखेरीज अन्यत्र कोठेही लागत नाही. ही साधी गोष्ट शोधून काढावयास विज्ञानाला बासष्ट वर्षे लागली. त्या बासष्ट वर्षांचा आणि त्यानंतर उघडकीस आलेल्या गोष्टींचा हा इतिहास आहे.

या कथेचा आरंभ १९०८ साली उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस शहरी झाला. तेथील पाश्चर संस्थेत शार्ल निकोल आणि त्यांचे सहकारी लुई मांसो हे काळ्या आजाराच्या जातीच्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी ट्यूनिसियाच्या डोंगराळ भागातील ‘गुंडी’ नावाचे, उंदराच्या वर्गातील केसाळ प्राणी आणविले होते. यांतील काही गुंडी आजारी पडून मेले आणि त्यांच्या शरीरात एक अनोळखी जीव आढळला. प्रथम तो काळ्या आजाराचाच जंतू असावा असे वाटले. पुढील वर्षी चूक लक्षात आली आणि त्याच्या धनुष्यासारख्या वक्र आकारावरून त्याचे ‘टॉक्सोप्लाझ्मा’ असे नामकरण झाले. ग्रीक भाषेत ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. गुंडीवरून त्याला ‘गोंडाय’ हे उपनाम मिळाले. गुंडी शब्दाचे गोंडी झाले, ही लिहिण्यातील चूक. परंतु शास्त्रीय नामकरणाच्या नियमांप्रमाणे ती चूक आजतागायत कायम आहे. त्याच वर्षी अटलांटिकच्या पलीकडे, ब्राझीलमधील साओ पावलो येथे, आल्फोन्सो स्प्लेंडोरे या शास्त्रज्ञाला सशाच्या शरीरात हाच जीव सापडला. दोन खंडांत, दोन निराळ्या प्राण्यांत, एकाच वर्षी! हा जीव सर्वत्र पसरलेला असावा, हे त्याच वेळी सूचित झाले होते. निकोल यांना १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते सांध्याच्या तापावरील नव्हे तर टायफस ज्वरावरील संशोधनासाठी. गुंडीतील त्या धनुष्याकृती जीवाकडे मात्र पुष्कळ काळ कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही.

ते पाहणे भाग पडले, ते मुलांच्या दुर्दैवामुळे. १९२३ साली प्राग येथील नेत्रवैद्य योसेफ यांकू यांनी मेंदूत पाणी साचून दगावलेल्या एका अकरा महिन्यांच्या बालकाच्या दृष्टिपटलात परोपजीवी जीवांचे कोश पाहिले. १९३८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधील एका बालरुग्णालयात एक मुलगी जन्मास आली. तिसऱ्या दिवशी तिला झटके येऊ लागले आणि एक महिन्याची होताच ती गेली. वुल्फ, कोवेन आणि पेज या तीन शास्त्रज्ञांनी तिच्या मेंदूचा अंश ससे आणि उंदीर यांना टोचला, आणि त्यांच्या शरीरांत टॉक्सोप्लाझ्मा वाढला. मूल जन्मापूर्वीच, मातेच्या उदरात, बाधित झाले होते हे सिद्ध झाले. माता मात्र धडधाकट होती. रोग जिच्याकडून आला तिला त्याची जाणीवही नसावी आणि त्याचा घाला जिने अद्याप जग पाहिले नाही तिच्यावर पडावा, हे या रोगाचे दारुण वैशिष्ट्य होय.

मग साहजिकच प्रश्न आला : मातेला हा जीव भेटतो कोठे? १९४८ साली आल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी रक्ताची एक चाचणी शोधून काढली. हेच सेबिन पुढे बालपक्षाघाताच्या तोंडावाटे द्यावयाच्या लसीमुळे जगाला परिचित झाले. जिवंत टॉक्सोप्लाझ्मा निळ्या रंगात बुडविला की तो रंग धरतो. परंतु ज्या मनुष्याच्या रक्तात त्या जीवाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात, त्याच्या रक्तद्रवाचा स्पर्श झाला की तो रंग धरीत नाही. या युक्तीमुळे कोणाला केव्हातरी ही बाधा होऊन गेली आहे, हे कळू लागले. देशोदेशी तपासणी झाली आणि सारेच चकित झाले. ज्याला दुर्मिळ समजत होते तो जीव कोट्यवधी निरोगी माणसांच्या शरीरात मुकाट्याने बसलेला होता. जगातील सुमारे एक-तृतीयांश माणसांना त्याची बाधा झालेली असावी, असा आजचा अंदाज आहे.

कच्च्या मांसातून हा जीव येत असावा, अशी शंका १९५४ च्या सुमारास पुढे आली. १९६५ साली पॅरिसमधील जॉर्ज देमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आरोग्यधामातील मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथे पथ्याचा भाग म्हणून मुलांना अर्धेकच्चे मांस देण्याची रीत होती, आणि तेथील मुलांत बाधा होण्याचे प्रमाण बाहेरच्या मुलांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. मेंढीचे अर्धेकच्चे मांस दिल्यावर ते आणखी वाढले. मांसाचा दोष निर्विवाद ठरला, आणि कोडे सुटले असे कोणासही वाटले असते.

परंतु ते सुटले नव्हते, आणि ते का सुटले नव्हते हे दाखविणारा एक पुरावा मुंबईहून आला होता. १९५९ साली रावल या संशोधकांनी मुंबईतील शाकाहारी आणि मांसाहारी माणसांच्या रक्ताची सेबिन-फेल्डमन पद्धतीने तपासणी करून तिचा वृत्तांत लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात छापला. ज्यांनी जन्मात मांसाला स्पर्श केला नाही अशा माणसांतही बाधेचे प्रमाण मांसाहारी माणसांइतकेच असल्याचे त्यांना आढळले. युरोपातील प्रयोगशाळांना असा पुरावा सहजासहजी मिळाला नसता. कारण पिढ्यान्‌पिढ्या मांस वर्ज्य करणारा मोठा समाज तेथे कोठून असणार? शाकाहारी माणसाच्या पोटात हा जीव जातो, त्या अर्थी तो मांसाखेरीज दुसऱ्या एखाद्या वाटेने येत असला पाहिजे. शिवाय गाय, मेंढी, ससा हे प्राणी तर गवतच खातात. त्यांना तो कोठून मिळतो? वाट निश्चित होती. तिचा उगम तेवढा दिसत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले होते; कारण तो उगम चुलीजवळ पाय मुडपून झोपलेला होता.

त्या उगमापर्यंत प्रथम पोहोचले ते स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील विल्यम हचिसन. त्यांनी मांजराला बाधित उंदीर खाऊ घातले आणि तिची विष्ठा पाण्यात साठवून ठेविली. एक वर्ष लोटल्यावरही त्या पाण्याने उंदरांना बाधा झाली! ज्ञात असलेल्या स्वरूपातील टॉक्सोप्लाझ्मा इतका नाजूक होता की, साध्या पाण्यात तो टिकाव धरणे शक्यच नव्हते. मग वर्षभर जगले ते काय? त्यांच्या मांजराच्या पोटात गोल जंतही होते. तेव्हा या जंताच्या टणक अंड्यात लपून टॉक्सोप्लाझ्मा प्रवास करीत असावा, असे अनुमान हचिसन यांनी काढले. १९६५ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. निरीक्षण अचूक होते. अनुमान चुकले होते. परंतु विज्ञानात अशी चूक पुष्कळदा उपकारक ठरते, कारण ती तपासून पाहता येते.

ती तपासून पाहिली अनेकांनी. अमेरिकेतील कॅन्सास येथे जेकब फ्रेंकेल यांच्याबरोबर जितेंद्र प्रसाद दुबे हे भारतीय पशुवैद्य काम करीत होते. भारतात पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन आणि इंग्लंडमधील शेफील्ड येथे डॉक्टरेट मिळवून ते तेथे गेले होते. जंत मुळीच नसलेल्या मांजरांच्या विष्ठेतूनही बाधा होते, हे कॅन्सासच्या प्रयोगांत दिसून आले. म्हणजे जंताच्या अंड्याचा काही संबंध नव्हता. १९६९ व १९७० या दोन वर्षांत ग्लासगो, कॅन्सास आणि अन्य काही ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी खरे उत्तर मिळविले. मांजराच्या लहान आतड्याच्या अस्तरात टॉक्सोप्लाझ्माचे नर आणि मादी असे दोन प्रकार निर्माण होतात, त्यांचा संयोग होतो आणि जाड कवचाचे सूक्ष्म बीजकोश तयार होऊन विष्ठेवाटे बाहेर पडतात. हा बीजकोश मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. बाहेर पडतेवेळी तो निरुपद्रवी असतो. हवा आणि ओल लाभली की एक ते पाच दिवसांत तो पक्व होतो आणि मग ओलसर मातीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा, जिवंत राहतो. मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या बाधेनंतर एक-दोन आठवडे, ते सोडते. परंतु तेवढ्या अवधीत त्यांची संख्या कोट्यवधी होते. मातीतून गवतावर, भाजीपाल्यावर आणि पाण्यात ते पोहोचतात. मुंबईच्या शाकाहारी माणसाचे कोडे अशा रीतीने सुटले.

यानंतर जो प्रश्न विचारला गेला, त्यामुळे कथा घरातून रानात गेली. हे केवळ पाळीव मांजरापुरतेच आहे काय? १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अनेक सस्तन प्राणी आणि पक्षी तपासण्यात आले. ज्यांच्या पोटातून बीजकोश बाहेर पडले, ते सर्व मार्जारकुळातील होते : प्यूमा, बॉबकॅट, ऑसिलॉट, जॅग्वारुंडी आणि आशियातील ठिपकेदार रानमांजर. कुत्रा नाही, कोल्हा नाही, मुंगूस नाही. वाघाच्या मावशीची वंशावळ आतड्यात लिहिलेली निघाली.

याचा दुसऱ्या बाजूने पडताळा बेटांवर मिळाला. पॅसिफिक महासागरात प्रवाळांची अशी चिमुकली बेटे आहेत की, काहींवर जहाजांबरोबर मांजरे पोहोचली आणि काहींवर पोहोचली नाहीत. गॉर्डन वॉलेस यांनी तेथील माणसांची आणि प्राण्यांची रक्ते तपासली. मांजरे असलेल्या बेटांवर बाधा आढळली. नसलेल्या बेटांवर ती जवळजवळ नव्हतीच. ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांवरील मेंढ्यांतही हाच भेद दिसला. ऑस्ट्रेलिया आणि मादागास्कर या भूमींवर मूळचे मार्जारकुळ कधीच नव्हते. तेथील कांगारूवर्गीय प्राणी आणि लेमूर या रोगाला विशेष लवकर बळी पडतात, याचे कारणही त्यात असावे असे मानतात. ज्यांच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षे मांजरांच्या सहवासात काढली, त्यांच्या शरीराने या जीवाशी तडजोड केली. ज्यांना तो सहवास घडला नाही, त्यांना परक्या जहाजांनी आणलेली ही भेट घातक ठरली. एका सूक्ष्म जीवाच्या साहाय्याने खंडांचा आणि दर्यावर्दी लोकांचा इतिहास असा वाचता येतो.

मार्जारकुळच का, याचे उत्तर मात्र २०१९ सालापर्यंत मिळाले नव्हते. करडई आणि सूर्यफूल यांच्या तेलात भरपूर असणारे लिनोलेइक आम्ल सर्व सस्तन प्राण्यांच्या आहारात येते. इतर प्राण्यांच्या आतड्यात एक पाचक द्रव्य त्याचे रूपांतर घडविते. मांजराच्या आतड्यात ते द्रव्य कार्य करीत नाही, म्हणून तेथे हे आम्ल साठून राहते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांमधील ते द्रव्य औषधाने निष्प्रभ केले आणि त्यांना लिनोलेइक आम्ल खाऊ घातले. तेव्हा उंदराच्या आतड्यातही टॉक्सोप्लाझ्माचे बीजकोश तयार झाले. म्हणजे ज्या उणिवेमुळे मांजर मांजर आहे, त्याच उणिवेचा या जीवाने आपल्या संसारासाठी उपयोग करून घेतला होता.

तथापि या संशोधनाचा सर्वांत गंभीर भाग रानातील मार्जारांशी आणि पाण्याशी संबंधित आहे. १९९५ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया शहरात एकाएकी या रोगाची साथ आली. शंभर माणसे आजारी असल्याचे निश्चित झाले. त्यांपैकी एकोणीस जणांच्या डोळ्यांना इजा पोहोचली होती. आणि प्रत्यक्ष बाधा २,८९४ ते ७,७१८ माणसांना झाली असावी, असा अंदाज करण्यात आला. हे सारे शहराला पाणी पुरविणाऱ्या एका जलाशयाकडे बोट दाखवीत होते. त्या पाण्यात जंतुनाशक घातले जाई, परंतु ते गाळले जात नसे. आणि या बीजकोशांच्या कवचापुढे अशा औषधाचे काही चालत नाही. साथीच्या प्रत्येक लाटेपूर्वी जोराचा पाऊस पडून पाणी गढूळ झाले होते. त्या व्हँकूव्हर बेटावर प्यूमा राहतात. पुढे त्यांची तपासणी केली असता त्यांच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्माचे बीजकोश मिळाले. रानातील विष्ठा, पावसाचे पाणी आणि शहरातील नळ यांच्यामध्ये जी भिंत आहे असे माणूस मानीत होता, ती भिंत प्रत्यक्षात नव्हती.

याहून करुण कथा कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील पाणमांजरांची आहे. मराठीत नाव पाणमांजर असले तरी हा प्राणी मार्जारकुळातील नव्हे. मऊ लोकरीच्या लोभाने व्यापाऱ्यांनी समुद्री पाणमांजरांची इतकी कत्तल केली की, १९११ साली त्यांना आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळाले तेव्हा कॅलिफोर्नियातून ती नामशेष झाली असे समजले जात होते. १९३८ साली बिग सर नावाच्या खडकाळ किनाऱ्याजवळ सुमारे पन्नास पाणमांजरे तग धरून राहिल्याचे उघडकीस आले. त्या पन्नासांपासून त्यांचा वंश पुन्हा वाढला. परंतु पुढे मेलेल्या पाणमांजरांच्या मेंदूंत टॉक्सोप्लाझ्मा सापडू लागला. जो प्राणी जन्मभर समुद्रात राहतो, त्याला जमिनीवरील मांजराचा जीव कसा बाधला? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, जेथे गोड्या पाण्याचे ओहोळ मोठ्या प्रमाणावर समुद्रास मिळतात, तेथील पाणमांजरांत बाधेचा धोका सुमारे तिप्पट आहे. पुढे समुद्री गोगलगायी खाणाऱ्या पाणमांजरांत तो अधिक असल्याचे दिसून आले. २०१९ साली तर प्राणघातक ठरलेल्या विशिष्ट जातीच्या जीवाची आनुवंशिक खूण किनाऱ्यामागील टेकड्यांत राहणाऱ्या रानमार्जारांत आणि मोकाट मांजरांतही जुळून आली. डोंगरात पडलेली विष्ठा पावसाने ओढ्यात, ओढ्याने समुद्रात आणि समुद्राने गोगलगायीत पोहोचविली होती. शिकाऱ्याच्या बंदुकीतून वाचलेला प्राणी ओढ्याच्या पाण्याने मरत होता.

यावरून रानमार्जारांना दोषी धरावयाचे काय? तसे केल्यास सारी कथा उलटी वाचल्यासारखे होईल. प्यूमा आणि बॉबकॅट त्या डोंगरांत माणसापूर्वीपासून आहेत. बदलले आहे ते पाण्याचे वाहणे. जेथे दलदल, गवताळ तीर आणि झाडी होती, तेथे पाणी हळूहळू झिरपे आणि माती अशा सूक्ष्म वस्तूंना गाळून घेई. तेथे आता फरशी, डांबर आणि सिमेंटची गटारे आली. आणि घराघरांतून टाकून दिलेल्या मांजरांची मोकाट संख्या वाढली. २०२१ साली कॅनडातील संशोधकांनी जगभरच्या २३८ जातींच्या सुमारे पंचेचाळीस हजार वन्य प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. मनुष्यवस्ती जेथे दाट, तेथे वन्य प्राण्यांत ही बाधा अधिक, असा निष्कर्ष निघाला. रानमार्जाराच्या आतड्याचा आरसा माणसासमोर धरला असता त्यात माणसाचीच प्रतिमा उमटते, ती अशी.

या जीवाचे आणखी एक कर्तृत्व विचार करावयास लावणारे आहे. त्याला मांजराच्या पोटात परतावयाचे असते, आणि त्याचे वाहन उंदीर असते. २००० साली ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी दाखविले की, बाधित उंदरांची मांजराच्या वासाची उपजत भीती कमी होते. आफ्रिकेतील मसाई माराच्या रानात तीस वर्षे चाललेल्या निरीक्षणांतून २०२१ साली असे आढळले की, बाधित तरसांची पिले सिंहांच्या अधिक जवळ जातात आणि सिंहांकडून मारलीही अधिक जातात. अमेरिकेच्या यलोस्टोन अभयारण्यातील १९९५ ते २०२० या काळातील नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झाले की, ज्या लांडग्यांचा वावर प्यूमांच्या दाट वस्तीच्या प्रदेशात आहे त्यांना बाधा अधिक होते. आणि बाधित लांडगा कळप सोडून स्वतंत्र होण्याची शक्यता अकरा पटींनी, तर कळपाचा म्होरक्या होण्याची शक्यता सेहेचाळीस पटींनी वाढते. कळपाने कोठे जावे हे ठरविणाऱ्या म्होरक्याच्या धैर्यात एका अदृश्य जीवाचा वाटा असावा, ही कल्पना कथाकाराला सुचली असती तर अतिशयोक्ती म्हणून वाचकांनी ती सोडून दिली असती.

या सर्व इतिहासातून सामान्य गृहस्थाने काय घ्यावे? घाबरून मांजर घराबाहेर काढणे हा त्यातील बोध नव्हे. मांजराला कुरवाळल्याने सहसा हा रोग होत नाही. तिची विष्ठा रोजच्या रोज, पक्व होण्यापूर्वी, दूर करावी आणि ते काम गरोदर स्त्रीकडे देऊ नये; मातीत काम केल्यावर हात धुवावेत; भाजी स्वच्छ धुऊन घ्यावी; मांस पुरते शिजवावे आणि पाणी गाळून-उकळून प्यावे. यातील बहुतेक गोष्टी जुन्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया कारण न सांगता करीत आणि करवून घेत असत. कारण आता ठाऊक झाले आहे, एवढाच काय तो भेद.

ट्यूनिसच्या प्रयोगशाळेत मेलेला गुंडी, प्रागचे आंधळे होऊन गेलेले बालक, न्यूयॉर्कची महिनाभर जगलेली मुलगी, मुंबईचा शाकाहारी माणूस, बिग सरचे पाणमांजर आणि यलोस्टोनचा लांडगा यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे १९०८ साली कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. परंतु त्या सर्वांना बांधणारा धागा एका मांजराच्या वीतभर आतड्यातून ओवलेला निघाला. गोष्टीतील मावशीने भाच्यापासून एक विद्या राखून ठेविली होती. माणसापासून तिने राखून ठेविलेले गुपित हे : जे रानात टाकले जाते ते रानात राहत नाही, पाऊस पडला की ते वाहत वाहत उंबरठ्यापर्यंत येते.